संध्याकाळी चित्र तपासणारा बाप

पनवेल म्हटलं की जुन्या माणसांना खाडीचं बंदर, मीठ-तांदळाचा व्यापार आणि बैलगाड्यांची चाकं आठवतात. १८५२ साली नगरपालिका मिळालेलं हे गाव. मराठी व्यंगचित्रांविषयी लिहिताना या गावाचं नाव सहसा येत नाही. ते यायला हवं, कारण १७ सप्टेंबर १८८५ रोजी केशव सीताराम ठाकरे, म्हणजे पुढचे प्रबोधनकार आणि व्यंगचित्रकार बाळासाहेब ठाकरे यांचे वडील, इथे जन्मले.

प्रबोधनकारांची ओळख लेखणीची. ‘माझी जीवनगाथा’ वाचताना पनवेलच्या घरातली त्यांची आजी, ‘बय’, मनात ठसते. शिवाशीव न मानणाऱ्या या बाईकडून नातवाने रूढीला उलट प्रश्न विचारायची सवय उचलली. १९२१ मध्ये निघालेल्या ‘प्रबोधन’ पाक्षिकात हीच सवय भिक्षुकशाहीवर आणि हुंड्यावर तुटून पडली. ढोंग दिसलं की त्याचा नेमका अवयव मोठा करून दाखवायचा, हे व्यंगचित्रकाराचं काम त्यांनी शब्दांनी केलं.

मुलगा बाळ, म्हणजे पुढचे बाळासाहेब, मात्र ब्रशकडे वळला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बॅनबेरीची व्यंगचित्रं येत. मुलगा ती टक लावून पाहतो, हे वडिलांच्या लक्षात आलं. रोज एक चित्र काढायचं आणि संध्याकाळी आपल्याला दाखवायचं, असं त्यांनी सांगितलं. ही आठवण खुद्द बाळासाहेबांनीच सांगितलेली आहे. माझ्या मते मराठी राजकीय व्यंगचित्राची सगळ्यात महत्त्वाची शाळा हीच. हजेरी रोजची आणि तपासनीस घरचाच.

पुढे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये नोकरी. व्यंगचित्रकार डेव्हिड लो हा आदर्श. तेव्हा चित्र जस्ताच्या ब्लॉकवरून छापलं जाई. रेषेच्या ब्लॉकला करडी छटा पेलत नसे, फक्त काळं आणि पांढरं. सावली हवी तर रेघा मारायच्या. म्हणून त्या काळच्या रेघेला आडपडदा नाही. चुकलेली रेघ उद्या सकाळी हजारो घरांत चुकलेलीच पोचणार, हे ठाऊक असलेला हात घट्ट होतो. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात हाच हात ‘मावळा’ या टोपणनावाने आचार्य अत्र्यांच्या ‘नवयुग’मध्ये चालला आणि मोरारजी देसाई त्याच्या तडाख्यात सापडले. त्याच लढ्यात प्रबोधनकार व्यासपीठावर होते.

दुसऱ्याच्या पत्रात रेघेला कुंपण पडतं. नोकरी सुटली आणि १३ ऑगस्ट १९६० रोजी स्वतःचं व्यंगचित्र-साप्ताहिक ‘मार्मिक’ निघालं. महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा साडेतीन महिने झाले होते. नाव वडिलांनी सुचवलेलं, सोबतीला भाऊ श्रीकांत, उद्घाटनाला मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. ज्यांची चित्रं काढायची, त्यांनीच उद्घाटन करावं, हे त्या काळाचं मोठेपण. मधल्या पानांवरची ‘रविवारची जत्रा’ लोक आधी उघडत.

याच ‘मार्मिक’मध्ये पुढे ‘वाचा आणि थंड बसा’ म्हणून परप्रांतीय नोकरदारांच्या नावांच्या याद्याही छापून आल्या. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली, तिची वाट या याद्यांतून गेली. मराठी तरुणाची बेकारी खरी होती. पण व्यंगचित्र सत्तेकडे वर पाहतं तेव्हा ते शोभतं. नोकरीसाठी आलेल्या शेजाऱ्याचं नाव यादीत घातलं की त्या पानाची उंची कमी होते, असं माझं स्पष्ट मत आहे. ‘फ्री प्रेस’मधले बाळासाहेबांचे सहकारी आर. के. लक्ष्मण ‘टाइम्स’मध्ये गेले आणि त्यांचा कॉमन मॅन आयुष्यभर गप्प राहून सगळं पाहत राहिला. एक रेघ साक्षीदार झाली, दुसरी रस्त्यावर उतरली. दोन्ही अभ्यासाव्यात अशा आहेत, पण अभ्यासायला मूळ पानं लागतात.

वृत्तपत्राचा कागद आम्लधर्मी. तो पिवळा पडतो, मग घडीवर तुटतो. पुस्तकात निवडक चित्रं टिकतात. त्यांच्या भोवतीच्या बातम्या आणि जाहिराती, म्हणजे ज्यांच्यामुळे ते चित्र त्या दिवशी कळलं, त्या जातात. पनवेल-उरणकडच्या वाचकांना म्हणून विनंती आहे. माळ्यावर ‘नवयुग’, ‘मार्मिक’ किंवा ‘प्रबोधन’चे अंक असतील तर यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत घालू नका. दोरी न बांधता, सपाट ठेवून जवळच्या वाचनालयात नेऊन द्या आणि त्यांची स्कॅन प्रत करून घ्यायला सांगा.