पिकअपची उंची वाढवताना

आमच्या अंबरनाथच्या शाळेतून काही वर्षांपूर्वी दहावी होऊन गेलेला एक विद्यार्थी मे महिन्याच्या शेवटी घरी आला. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून कपाटे, पलंग, सोफे भरायचे आणि बदलापूरच्या नव्या इमारतींमध्ये पोचवायचे, हा त्याचा धंदा. त्यासाठी त्याने जुनी पिकअप गाडी घेतली आहे. "सर, पावसाळ्याआधी गाडी मागून दोन इंच उचलून घेतो. लोखंडी ठोकळे आणलेत, लांब यू बोल्टही आणलेत. अंगणातच बसवतो. काही होणार नाही ना?"

उंचीची हौस त्याला उगाच नव्हती. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्यांना २६ जुलै २००५ विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले, हेही सर्वांनी पाहिले आहे. शिवाय खड्डे आहेतच. गाडी उंच असावी असे कोणालाही वाटेल. परंतु "काही होणार नाही ना?" या प्रश्नाचे उत्तर द्यायचे तर आधी गाडीचे ओझे कशावर उभे असते ते पाहायला हवे.

पिकअपच्या मागच्या बाजूला दोन चाकांना जोडणारा आडवा आस असतो. त्याच्या मध्यावर डिफरन्शियलचा गोळा. आसाच्या दोन्ही टोकांशी कमानीसारखे वाकवलेले पोलादी पाटे एकावर एक रचून यू बोल्टने आवळलेले असतात आणि या पाट्यांच्या टोकांवर गाडीचा सांगाडा, म्हणजे चासी, टेकलेली असते. माल भरला की पाटे सपाट होत जातात आणि चासी खाली येते.

एकच जाड पाटा का नको? याचे उत्तर वर्गात पाच मिनिटांत मिळते. प्लॅस्टिकची ३० सेंटिमीटरची पट्टी टेबलाच्या कडेला घट्ट धरा, वीसेक सेंटिमीटर बाहेर राहू द्या आणि टोकाला छोटे वजन टांगून ती किती वाकते ते मोजा. आता तशाच दोन पट्ट्या एकावर एक ठेवा, पण चिकटवू नका. वाक निम्मा होईल. मग त्याच दोन पट्ट्या चांगल्या चिकटद्रव्याने पूर्ण लांबीभर चिकटवा, एक दिवस वाळू द्या आणि पुन्हा तेच वजन टांगा. आता वाक मूळच्या सुमारे एक अष्टमांश येईल. जाडी दुप्पट झाली की ताठपणा दोनाच्या घनाने, म्हणजे आठपट वाढतो. सुट्या पट्ट्या मात्र एकमेकींवरून सरकतात, त्यामुळे त्यांचा ताठपणा केवळ बेरजेने वाढतो. पाटे सुटे ठेवण्यामागे हेच इंगित आहे : मजबुती मिळते आणि लवचीकताही टिकते. (पाट्यांमध्ये गंज आणि चिखल बसला की ते सरकेनासे होतात, आणि जुनी गाडी चिकटवलेल्या पट्ट्यांसारखी दणके देऊ लागते, ते यामुळेच.)

प्रयोगाचा पुढचा भाग आमच्या विषयाला धरून आहे. गाडी उंच करण्याच्या दोन घरगुती रीती आहेत. एक, पाट्यांच्या गठ्ठ्यात आणखी एक पाटा घालणे. आपल्याकडे जास्त माल भरता यावा म्हणून सर्रास असे करतात. दुसरी, आस आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा बसवणे. पट्टीच्या प्रयोगात पहिली रीत म्हणजे आणखी एक पट्टी, आणि दुसरी म्हणजे टेबलावर पट्टीखाली एक वही सरकवणे. वही ठेवल्यावर पट्टी उंच होते, पण तेवढ्याच वजनाने तेवढीच वाकते. ताठपणा मुळीच बदलत नाही. म्हणजे ठोकळ्याने गाडीची माल पेलण्याची ताकद तसूभरही वाढत नाही. हे त्याला सांगितले तेव्हा त्याचा चेहरा जरा उतरला.

मग आम्ही गाडीचा ताठपणाच मोजला. चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्याच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने घेतले. सुमारे ५० किलोची दहा मुले हौद्यात, बरोबर आसाच्या वर, बसवली. गाडी उभीच होती, हे सांगायला हवे. अंतर ४ सेंटिमीटरने कमी झाले. ५०० किलोला ४ सेंटिमीटर, म्हणजे सेंटिमीटरला १२५ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

जाता जाता आणखी एक हिशेब. कमानीवर उभ्या असलेल्या ओझ्याची दर सेकंदाची आंदोलने काढायची तर ५ ला, त्या ओझ्याने कमान जितके सेंटिमीटर दबली असेल त्याच्या वर्गमुळाने भागावे. रिकाम्या गाडीत पाटे ३ सेंटिमीटर दबलेले धरले तर आंदोलने जवळजवळ २.९ येतात. वर हजार किलो माल चढला की दाब ११ सेंटिमीटर होतो आणि आंदोलने १.५ वर येतात. आपण चालताना सेकंदाला साधारण दोन पावले टाकतो, म्हणून त्या आसपासचा झोका शरीराला ओळखीचा असतो. रिकामा टेम्पो खड्ड्यांवर टणाटण उडतो आणि भरलेला शहाण्यासारखा चालतो, याचे कारण या साध्या भागाकारात आहे. जादा पाटा घातला की रिकामी गाडी आणखी उडणार, हेही त्यातूनच निघते.

आता पाण्याकडे आणि खड्ड्यांकडे वळू. ठोकळा बसतो तो आसाच्या वर. त्यामुळे चासी, हौदा आणि केबिन उचलली जातात, पण आस, डिफरन्शियलचा गोळा आणि मागचे ब्रेक ड्रम होते तिथेच राहतात. त्यांची जमिनीपासूनची उंची फक्त टायरवर ठरते. दगडावर आपटणारा गोळा ठोकळ्यानंतरही आपटणारच. पाण्यात केबिनचा तळ थोडा उशिरा बुडेल, एवढाच फायदा. आणि ठोकळे फक्त मागे असले तर तोही मागच्या बाजूलाच. शिवाय पाणी तळाच्या वर चढू लागले की आर्किमिडीज हजर होतो. दीड मीटर लांब आणि १.६ मीटर रुंद तळ दहा सेंटिमीटर बुडाला, तर आत पाणी शिरेपर्यंत सुमारे २४० किलोची उचल मिळते. तेवढे वजन पुढच्या चाकांवरून कमी होते, आणि वळवण्याचे काम तर तीच चाके करतात.

उंच गाडी कलंडते, ही भीती सर्वांना असते. चाकांमधले अंतर १.४ मीटर आणि गुरुत्वमध्य १ मीटर उंच असेल तर गाडी ३५ अंशांपर्यंत तिरकी होऊन सावरू शकते. गुरुत्वमध्य ५ सेंटिमीटर वर गेला तर हा कोन सुमारे ३३.७ अंश होतो. फरक फार नाही. उभी कपाटे रचल्याने गुरुत्वमध्य याहून कितीतरी जास्त वर जातो. ती आडवी भरली तर दोन इंचांची चिंता मला कमी वाटते.

मला खरी चिंता वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची. गाडीखाली वाकून पाहिले तर आसापासून चासीकडे जाणारी एक बारीक दांडी दिसली. तिचे वरचे टोक ब्रेकच्या नळीवरच्या एका झडपेला जोडलेले होते. बऱ्याच पिकअप गाड्यांत अशी झडप असते. ए.बी.एस. असलेल्या नव्या गाड्यांत हे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक्स करते. ब्रेक लावताना गाडीचे वजन पुढे झुकते आणि मागची चाके हलकी होतात. रिकाम्या गाडीत त्यांना पूर्ण ब्रेक मिळाला तर ती जागीच थांबून घसरतात आणि गाडी गर्रकन फिरते. म्हणून रिकाम्या गाडीत ही झडप मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवते आणि माल भरल्यावर वाढवते. माल भरला हे तिला कसे कळते? चासी आसाच्या जवळ आली की दांडी हलते, त्यावरून. म्हणजे पाटे हा या गाडीचा तराजू आहे आणि दांडी हा त्याचा काटा.

आता मधे ५ सेंटिमीटरचा ठोकळा घाला. चासी आसापासून ५ सेंटिमीटर दूर गेली. काट्याच्या दृष्टीने ५ गुणिले १२५, म्हणजे ६२५ किलो माल हौद्यातून नाहीसा झाला! हजार किलो भरून गाडी उतारावर निघाली आहे आणि झडप समजते आहे की जेमतेम पावणेचारशे किलो आहेत. मागचे ब्रेक तेवढ्याच हिशेबाने लागणार. पायाला काही वेगळे जाणवणार नाही. गाडी थांबायला जास्त अंतर घेईल, तेही नेमके घाईच्या वेळी. जादा पाट्यानेही असेच होते, कारण ताठ पाटे कमी दबतात. उपाय आहे : दांडीचा आधार ठोकळ्याइतकाच सरकवायचा, आणि मग ब्रेकचा दाब मोजून घ्यायचा. पण मोजण्याचे साधन अंगणात नसते. वर्गात हे दाखवायचे असेल तर पट्टीच्या टोकाला टाचणी चिकटवून शेजारी आलेखाचा कागद उभा करा, वजनांप्रमाणे खुणा करा आणि मग पट्टीखाली वही सरकवा. टाचणी लगेच खोटे बोलू लागते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. गाडी फक्त मागून उचलली की नाक खाली जाते. चाकांच्या जोड्यांत ३ मीटर अंतर असेल तर ५ सेंटिमीटर म्हणजे जवळजवळ एक अंश. ७५ सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याचा झोत मीटरमागे एक सेंटिमीटर उतरत ७५ मीटरांवर रस्त्याला टेकत असेल, तर रिकाम्या गाडीत तो आता २८ मीटरांवरच टेकेल. दिव्याचा स्क्रू फिरवून हे सुधारता येते. जॉइंट शाफ्टचा कोन दोनेक अंशांनी बदलतो. ठोकळा सपाट असेल आणि दोन्ही टोकांचे कोन सारखे राहत असतील तर बहुधा निभावते. ब्रेकची रबरी नळी आणि शॉक अॅब्सॉर्बर यांची लांबी मात्र आस पूर्ण खाली लोंबकळत असताना तपासावी लागते. ठोकळ्यावर ठोकळा तर कधीच ठेवू नये. आणि अंगणात काम करायचेच, तर नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जाऊ नये. फरशी पक्की हवी, पुढच्या चाकांना दगड हवेत आणि चासीखाली दोन लोखंडी घोड्या हव्यात.

कायद्याची बाजूही त्याला सांगितली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीतल्या बदलांविषयी आहे. निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. अपघातानंतर विम्याचा माणूस आधी गाडीखाली वाकतो, हे धंद्यातल्या माणसाला जास्त पटले.

तो जाण्यापूर्वी आणखी एक माप घेतले. तशीच, पण नवी पिकअप गल्लीत उभी होती. रिकाम्या स्थितीतले चाक ते पत्रा हे अंतर दोन्ही गाड्यांत मोजले. त्याची गाडी मागे साडेतीन सेंटिमीटर बसलेली निघाली. वर्षानुवर्षे भारी माल वाहून पाट्यांची कमान उतरली होती. म्हणजे त्याची झडप आजवर उलट बाजूने चुकत होती : रिकाम्या गाडीत सव्वाचारशेहून अधिक किलो माल आहे असे तिला वाटत होते. पावसात रिकामी गाडी मागून घसरते, अशी त्याची जुनी तक्रार होती.

ठोकळे दुकानदाराने परत घेतले नाहीत. पाटे नुसते ठोकून कमान देऊन मिळत होती, पण भट्टीत नीट पाणी दिल्याशिवाय ती पुन्हा उतरते, म्हणून त्याने मूळ मापाचे नवे पाटे घातले. जूनच्या पहिल्या आठवड्यात तो गाडी दाखवायला आला. टेप त्याने बरोबरच आणला होता.