पोथी जपली, वाचणाऱ्याचे काय?

पुण्याच्या पुरालेखागारातला एखादा रुमाल सोडला, की आत मोडी कागदांची चळत निघते. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिला अक्षरे लटकवत जायचे, ही मोडीची रीत. शब्द संपला कुठे आणि पुढचा सुरू झाला कुठे, हे रेघ सांगत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, आणि निम्मे शब्द तर लेखनिकाने आखूड करून टाकलेले असतात. तारखेच्या जागी ‘सलास सबैन मया व अलफ’ असे काहीतरी दिसते. हे अरबी आकडे आहेत : तीन, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन 1173. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. दोहोंपैकी कोणता, ते महिन्यावरून ठरते, कारण हे वर्ष मृगाला सुरू होते. एवढे केल्यावर कळते, की कागद 1772-73चा, थोरले माधवराव पेशवे गेले त्या वर्षातला आहे. अजून मजकुराची पहिली ओळही वाचून झालेली नाही. हा हिशेब सहज करणारा माणूस आपोआप तयार होत नाही. त्याला काही वर्षे पोसावे लागते, आणि नेमकी त्याचीच तरतूद आपल्याकडे नाही.

जतनासाठी मात्र पैसा मिळू लागला आहे. 2003 साली राष्ट्रीय पांडुलिपी मिशन सुरू झाले. 2025च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ‘ज्ञान भारतम्’ योजना आली; एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी आणि जतन करण्याचे तिचे उद्दिष्ट आहे. हे काम हवेच होते, कारण वाळवी आणि ओल कोणासाठी थांबत नाहीत. पण पानाचे छायाचित्र निघाले म्हणजे पान वाचले गेले असे नव्हे. काल कपाटात न वाचता पडलेली पोथी आज संगणकात न वाचता पडून राहील.

ती वाचायला हवा तो पीएचडीचा विद्यार्थी. त्याला मिळणारी शिष्यवृत्ती साऱ्या विषयांना एकाच मापाने कापलेली आहे. नेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली तर 2023पासून दरमहा 37,000 रुपये, दोन वर्षांनंतर 42,000. मुदत सारी मिळून पाच वर्षे. रक्कम कमी नाही. अडचण मापाची आहे. छापील पुस्तकांवर काम करणारा पहिल्या दिवसापासून वाचू लागतो. पोथीवाल्याचे पहिले वर्ष लिपीतच जाते. मग प्रती शोधायच्या. एकाच ग्रंथाची एक प्रत पुण्यात, दुसरी धुळ्यात आणि तिसरी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात असू शकते. प्रवास, मुक्काम आणि प्रतींची छायाचित्रे यांसाठी मानव्यविद्येच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे मिळणारा आकस्मिक खर्च वर्षाला 10,000 रुपये. पाठभेद जुळवायला बसेपर्यंत घड्याळ निम्मे सरलेले असते. मग मार्गदर्शकही सोपा विषय घ्यायला सुचवतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

धीराने पैसा लावला तर काय घडते, याचा पुरावा पुण्यातच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम 1919 साली हाती घेतले आणि 1966मध्ये पुरे केले. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लाख रुपयांचे वचन देऊन त्याला बळ दिले. 1,259 हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी 1925पासून 1943मध्ये निधन होईपर्यंत ही धुरा वाहिली; त्यांच्यानंतर काम थांबले नाही, कारण त्या टेबलाभोवती पुढची पिढी शिकली होती.

यावर कोणी म्हणेल, की इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांना कुठे शिष्यवृत्ती होती? गावोगाव पायपीट करून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चे 22 खंड उभे केले. खरे आहे, आणि त्या तपश्चर्येपुढे मान झुकते. पण एखाद्याचा त्याग ही व्यवस्था होऊ शकत नाही. शिवाय वाचनाला पैसा नसला, की ज्यांच्या घरी अक्षर आणि फुरसत आहे तेच वाचतात. बलुतेदारांचे हक्क, वतनाचे तंटे, शिवेचे वाद ज्या कागदांत आहेत, ते त्याच गावांतल्या मुलामुलींनी वाचावेत असे वाटत असेल, तर त्यांच्या घरची चूल पेटती राहील याची सोय आधी करावी लागेल. दुसरा आक्षेप असा, की पुढे यंत्रच वाचील. यंत्राची मदत होईलच. पण त्याला शिकवायला माणसाने अचूक वाचून दिलेली हजारो पाने लागतात आणि त्याची चूक पकडायलाही वाचणाराच लागतो. तिसरा आक्षेप, आजचे प्रश्न सोडून जुन्या कागदांवर खर्च कशाला? 2023मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारे शोधावे लागले. आजचा प्रश्न जुन्या कागदात बांधलेला होता आणि गाठ सोडणारे हात पुरेसे नव्हते.

मागणी फार मोठी नाही. पाच वर्षांच्या आधी लिपी-प्रशिक्षणाचे एक पगारी वर्ष द्यावे. प्रती मिळवण्याचा खर्च प्रत्यक्ष बिलांप्रमाणे द्यावा. टिपांसह सिद्ध केलेली संहिता किंवा तपशीलवार सूची हाच प्रबंध मानावा. जर्मनीत हाम्बुर्ग विद्यापीठात हस्तलिखित-संस्कृतीच्या अभ्यासाचे केंद्र आहे. तेथे पीएचडी करणाऱ्यांना पगारी नोकर म्हणून नेमतात. जतनाच्या योजनांतला एक वाटा अशा जागांसाठी राखला, तर आपल्यालाही हे करता येईल.

जुन्या पोथ्यांच्या शेवटी लेखनिक अनेकदा एक विनवणी लिहून ठेवतो : पाठ मोडेपर्यंत, मान वाकवून हे लिहिले आहे, पाण्यापासून, तेलापासून, सैल बांधणीपासून याला जपा, आणि अडाण्याच्या हाती देऊ नका. पहिल्या तीन गोष्टींची काळजी आपण घेऊ लागलो आहोत. चौथी त्याने तितक्याच कळकळीने लिहिली होती, आणि ती जाणता वाचक घडवल्याशिवाय पुरी होत नाही.