श्रमाचे फळ आणि श्रमाचे समाधान

परिश्रमाला पर्याय नाही, हा सुविचार आपल्या विद्यालयाच्या फळ्यावर अनेकदा लिहिला गेला आहे. निवासी शाळेत तो केवळ वाचून सोडून देता येत नाही. पहाटेची वंदना, परिसराची स्वच्छता, वर्ग, सायंकाळचा अभ्यास या क्रमाने तो रोज जगावा लागतो. येथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज नाना क्षेत्रांत कार्यरत आहेत. काहींना अपेक्षित यश लाभले, काहींना लाभले नाही. आणि ज्यांना लाभले ते सर्वच समाधानी आहेत असेही नाही. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्या सुविचाराची चिकित्सा करणे आम्हाला अगत्याचे वाटते. श्रमनिष्ठेने खरोखरच यश मिळते काय? आणि यश मिळाले म्हणजे जीवन कृतार्थ होते काय? कोणतेही वचन तपासून पाहिल्यावाचून स्वीकारू नये, ही तथागतांचीच शिकवण आहे. तेव्हा फळ्यावरच्या वचनालाही तोच न्याय लावला पाहिजे.

श्रम केले की यश मिळते, हे विधान सरळ अर्थाने खरे असते, तर वीटभट्टीवरील मजूर, सफाई कामगार आणि ऊसतोड कामगार ही या देशातील सर्वांत यशस्वी माणसे ठरली असती. ऊसतोडीचेच पाहा. पावसाळा सरला की बीडसारख्या जिल्ह्यांतून असंख्य कुटुंबे साखर कारखान्यांच्या परिसरात स्थलांतर करतात. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून घेतलेली उचल हंगामभर राबून फेडायची असते. अंधारातच फडात उतरायचे, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून वाहून गाडी भरायची. एवढे करूनही हंगाम संपताना उचल फिटलेली असेलच असे नाही. मग पुढच्या हंगामासाठी पुन्हा उचल घ्यावी लागते. या श्रमांत निष्ठेची उणीव कोठे आहे?

मुंबईच्या कापड गिरण्यांचा इतिहासही हेच सांगतो. गिरण्यांत अस्पृश्य मानलेले कामगार पुष्कळ होते. परंतु विणकाम खात्यात, जेथे मजुरी अधिक मिळे, तेथे त्यांना प्रवेश नव्हता. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागते आणि त्यामुळे विटाळ होतो, असे कारण पुढे केले जाई. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला. घाम सर्वांचा सारखाच गळत होता. पण एकाला जे दार उघडे होते, ते दुसऱ्याला जन्मामुळे बंद होते. जातिव्यवस्था ही केवळ कामाची विभागणी नसून काम करणाऱ्या माणसांचीच विभागणी आहे, असे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘जातिनिर्मूलना’च्या भाषणात दाखवून दिले, त्यामागे असे अनुभव उभे होते.

हा मुद्दा आम्ही आग्रहाने मांडतो, त्याला कारण आहे. ज्या मुलाचे आईवडील आयुष्यभर राबूनही गरीबच राहिले, त्याने फळ्यावरचे ते वाक्य वाचले तर तो काय अनुमान काढील? श्रम करणारा यशस्वी होतो. माझे आईवडील यशस्वी नाहीत. म्हणजे त्यांचे श्रम कमी पडले. हे अनुमान खोटे आहे. आणि ते आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात नकळतसुद्धा रुजू देणे, हा त्यांच्या आईवडिलांवर केलेला अन्याय आहे.

मग श्रम व्यर्थ आहेत, असे म्हणावे काय? तसे म्हणणारेही बुद्धकाळात होते. मक्खली गोसालाच्या मते सर्व काही नियतीने आधीच ठरलेले असते. मनुष्याच्या प्रयत्नाला, बळाला, पराक्रमाला काही अर्थ नाही. तथागतांनी हे मत नाकारले. माणसाच्या वाट्याला येणारे सर्व सुखदुःख केवळ पूर्वकर्माने येते, ईश्वराच्या इच्छेने येते किंवा विनाकारण येते, ही तिन्ही मते त्यांनी त्याज्य ठरविली. कारण यांपैकी कोणतेही मत खरे मानले, तर अमुक करावे आणि अमुक टाळावे, या विचारालाच आधार उरत नाही. पिढ्यान्‌पिढ्या आपल्या पूर्वजांना दारिद्र्याचे कारण म्हणून पूर्वजन्मीचे पाप सांगितले गेले. ते कारण मान्य केले की प्रयत्नाची मुळेच तुटतात. म्हणूनच बाबासाहेबांनीही आपल्या धम्ममांडणीत पूर्वजन्मीच्या कर्माचा हा सिद्धान्त झिडकारला.

येथे दोन टोके दिसतात. श्रम हेच सर्वस्व, हे एक टोक. श्रम म्हणजे काहीच नाही, हे दुसरे. धम्माचा मार्ग या दोहोंच्या मधून जातो आणि त्याचे नाव प्रतीत्यसमुत्पाद. कोणतीही गोष्ट एकाच कारणाने घडत नाही. अनेक कारणे एकत्र आली की ती घडते, आणि ती कारणे दूर झाली की ती उरत नाही. शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. बी उत्तम आहे, पेरणीही वेळेवर झाली. तरी पाऊस नाही आला तर पीक येत नाही. पण पाऊस भरपूर होऊनही जेथे पेरलेच नाही, तेथे तणच माजणार. श्रम ही पेरणी आहे. तिच्यावाचून पीक नाही. परंतु पीक म्हणजे केवळ पेरणी नव्हे.

पेरणीतही रीत असते. सिद्धार्थ गौतमाने बोधिप्राप्तीपूर्वी सहा वर्षे घोर देहदंड सोसला. अन्न इतके कमी केले की शरीराचा सांगाडा उरला. श्रमाच्या मोजमापाने पाहिले तर याहून मोठे श्रम कोणते? तरीही ज्ञान प्राप्त झाले नाही. तेव्हा त्यांनी स्वतःच्याच मार्गाची चिकित्सा केली, तो सोडला आणि पुन्हा अन्न ग्रहण केले. बरोबरचे पाच जण हा तपोभ्रष्ट झाला असे समजून निघून गेले. चुकीच्या दिशेने केलेले श्रम वाढविल्याने फळ जवळ येत नाही, आणि अशा वेळी दिशा बदलणे म्हणजे हार मानणे नव्हे, हे या प्रसंगातून आपण शिकतो.

सोण कोळिविस या भिक्खूची कथा याच अर्थाची आहे. चंपा नगरीच्या श्रीमंत घरातील हा सुकुमार तरुण. दीक्षा घेतल्यावर त्याने चंक्रमण करता करता पाय रक्तबंबाळ करून घेतले. तरी चित्त मुक्त होईना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. तो पूर्वी वीणावादनात निपुण होता. तथागतांनी त्याला वीणेविषयीच विचारले. तारा फार ताणल्या तर स्वर नीट उमटतो का? फार सैल सोडल्या तर? दोन्ही वेळा त्याचे उत्तर नकारार्थी होते. प्रयत्नाचेही तसेच आहे, असा उपदेश त्याला मिळाला. अतिताणाने चित्त अस्वस्थ होते, शिथिलतेने आळस येतो. परीक्षेच्या दिवसांत झोप व जेवण सोडून घोकंपट्टी करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना आम्ही ही कथा आवर्जून सांगतो.

धम्मात प्रयत्नाला ‘सम्यक व्यायाम’ म्हटले आहे. त्यातील ‘सम्यक’ हे विशेषण महत्त्वाचे आहे. या प्रयत्नाची अंगे चार : न उपजलेल्या अकुशल प्रवृत्ती उपजू न देणे, उपजलेल्या दूर करणे, न उपजलेल्या कुशल प्रवृत्ती निर्माण करणे आणि निर्माण झालेल्या टिकवून वाढविणे. विद्यार्थ्याच्या भाषेत सांगायचे तर वाईट सवय लागू न देणे, लागली असल्यास सोडणे, चांगली सवय लावणे आणि ती मोडू न देणे. किती तास अभ्यास केला, हा प्रश्न यात दुय्यम आहे. त्या अभ्यासाने आपण कसे घडलो, हा मुख्य.

कोणी म्हणेल, हा भिक्खूंचा मार्ग झाला. संसारी माणसाच्या यशाचे काय? हाच प्रश्न कोलियांच्या देशातील दीघजाणू या गृहस्थाने तथागतांना विचारला होता. आम्ही संसारी माणसे, मुलाबाळांत राहतो. आमचे या जीवनातील हित कशाने साधेल? उत्तरादाखल तथागतांनी चार गोष्टी सांगितल्या. पहिली उत्थानसंपदा : आपला जो व्यवसाय असेल त्यात कौशल्य, आळसाचा अभाव आणि योग्य उपाय शोधण्याची बुद्धी. दुसरी आरक्षसंपदा : कष्टाने व सन्मार्गाने मिळविलेल्या धनाचे रक्षण. तिसरी कल्याणमित्रता : शीलवान व प्रज्ञावान माणसांची संगत. चौथी समजीविता : मिळकत व खर्च यांचा तोल. ज्या तळ्याचे पाणी व्यसन, जुगार व कुसंगती यांच्या वाटांनी वाहून जाते ते भरत नाही, हा दृष्टान्तही त्यांनी दिला. श्रमाचे स्थान येथे पहिले आहे, पण ते चारांपैकी एक आहे. आणि पहिल्या क्रमांकावरही नुसते राबणे सांगितलेले नाही; कौशल्य आणि विचार यांसह केलेला उद्योग सांगितला आहे.

या चारांतील कल्याणमित्रतेचा अर्थ बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत लख्ख दिसतो. त्यांच्या ज्ञानसाधनेचे वर्णन आपल्या घराघरांत होते, आणि ते यथार्थच आहे. परंतु त्या साधनेला ज्या कारणांनी फळ आले, त्यांचीही गणना केली पाहिजे. तुटपुंज्या मिळकतीतून पुस्तके पुरविणारे सुभेदार रामजी होते. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर बुद्धचरित्र भेट देणारे आणि पुढे सयाजीराव महाराजांकडे शब्द टाकणारे केळुसकर गुरुजी होते. १९१३ साली बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून कोलंबिया विद्यापीठ गाठता आले. ती शिष्यवृत्ती संपताच १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. त्यांचे श्रम तेव्हा काही कमी झाले नव्हते. पैसा संपला होता. १९२० साली सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीची बचत, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राने दिलेले कर्ज यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले. या सर्व काळात मुंबईत अभावात संसार ओढणाऱ्या रमाईंचे श्रम कोणत्याही पदवीपत्रावर नोंदले गेलेले नाहीत. पण त्या श्रमांवाचून त्या पदव्यांचा इतिहास पुरा होत नाही.

हे सांगितल्याने बाबासाहेबांची थोरवी यत्किंचितही उणी होत नाही. उलट ती अधिक स्पष्ट होते. कारण स्वतःला जी साधने योगायोगाने मिळाली, ती इतरांना व्यवस्थेने मिळावीत यासाठी ते पुढे झटले. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ च्या प्रारंभी सोलापूरला वसतिगृह सुरू झाले. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि नंतर औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे राहिले. मुलांनो कष्ट करा, एवढेच सांगून ते थांबले नाहीत. कष्टाला फळ येईल अशी जमीन त्यांनी तयार केली. निवासी विद्यालयाचे प्रयोजन हेच आहे. आईवडील फडात असताना मुलाच्या हाती कोयता न येता पुस्तक यावे, त्याला दोन वेळचे अन्न, दिवा, ग्रंथ आणि कल्याणमित्र लाभावेत, यासाठी ते असते.

उरतो समाधानाचा प्रश्न. अनाथपिंडिकाला तथागतांनी गृहस्थाची चार सुखे सांगितली : न्यायाने मिळविलेले धन असण्याचे सुख, त्याचा उपभोग घेण्याचे व सत्कार्यासाठी विनियोग करण्याचे सुख, ऋणमुक्ततेचे सुख आणि काया-वाचा-मनाने निर्दोष असण्याचे सुख. यांतील शेवटचे सर्वांत श्रेष्ठ ठरविले आहे. ज्याच्या घरी उचलीचे ओझे आहे, त्याला ऋणमुक्तीचे सुख किती मोठे, हे सांगावे लागणार नाही. तेवढे साधले तरी शिक्षणाचे श्रम सार्थकी लागले, असे म्हणण्यास आम्हाला संकोच वाटत नाही. मात्र पैशाच्या ऋणाखेरीज आणखी एक ऋण असते. ज्या अनेक कारणांनी आपले श्रम फळले, त्या कारणांचे ते ऋण होय. १८ मार्च १९५६ रोजी आग्रा येथे बाबासाहेबांनी शिकल्यासवरल्या लोकांविषयी जी व्यथा बोलून दाखविली, ती याच ऋणाच्या विस्मरणाची होती. त्यांना यश मिळाले होते. परंतु ते यश त्यांच्यापाशीच थांबले होते. माझे यश केवळ माझ्याच श्रमांचे, असे जो मानतो, त्याला ते गमावण्याचे भय सुटत नाही आणि त्यात इतरांना सहभागी करून घ्यावेसेही वाटत नाही. मग समाधान कोठून येणार?

तेव्हा आमचे उत्तर असे आहे. श्रमावाचून यश नाही. पण केवळ श्रमाने यश मिळेलच असे नाही. श्रमाला योग्य दिशा, योग्य माप आणि उघडे दार लागते. दिशा व माप यांची जबाबदारी विद्यार्थ्याची आणि आम्हा शिक्षकांची. दार उघडे ठेवण्याची जबाबदारी सर्व समाजाची. पालकांना आम्ही आदराने सांगू इच्छितो की, आपले श्रम वाया गेलेले नाहीत. आपल्या मुलांच्या प्रत्येक यशात त्यांचा वाटा आहे. माजी विद्यार्थ्यांना विनंती एवढीच की, वर्षातून एकदा तरी वसतिगृहात यावे, सायंकाळच्या अभ्यासाला मुलांसोबत बसावे, त्यांना अर्ज भरण्यास, शिष्यवृत्त्या शोधण्यास, मुलाखतीची तयारी करण्यास साहाय्य करावे. आणि विद्यार्थ्यांनी फळ्यावरचा तो सुविचार अवश्य लिहावा. मात्र त्याच्याखाली आणखी एक ओळ जोडावी : माझ्या श्रमांत अनेकांचे श्रम मिसळलेले आहेत.