लेखकाचा हेतू शोधायचा कुठे?

मजकूर काय सांगतो हे कळले की तो कशासाठी लिहिला आहे हेही कळले, असा समज शालेय वाचनापासूनच रुजलेला असतो. परंतु हे दोन वेगळे प्रश्न असून दुसऱ्याचे उत्तर मजकुरात बहुधा उघडपणे दिलेले नसते. भारतीय साहित्यशास्त्रात या दुसऱ्या प्रश्नाचा विचार ‘प्रयोजन’ या संज्ञेखाली होतो. अकराव्या शतकातील काश्मिरी आलंकारिक मम्मट याने ‘काव्यप्रकाशा’च्या आरंभीच काव्याची सहा प्रयोजने सांगितली: कीर्ती, धन, व्यवहारज्ञान, अमंगलाचे निवारण, वाचताक्षणी लाभणारा श्रेष्ठ आनंद, आणि प्रिय पत्नीने करावा तसा गोडीगुलाबीचा उपदेश. यांतील कीर्ती व धन लेखकाच्या पदरात पडतात, तर आनंद व उपदेश वाचकाच्या, आणि हा भेद न ओळखल्यामुळेच धनासाठी लिहिलेली कृती हलकी असणार असा चुकीचा निष्कर्ष काढला जातो. मराठीत ही चर्चा ‘अभिनव काव्यप्रकाश’कार रा. श्री. जोग यांनी नव्याने मांडली.

हेतू ओळखण्याची रीत मात्र मीमांसकांकडून, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रकारांकडून, आली. ग्रंथाचा आरंभ व शेवट, त्यात पुनःपुन्हा येणारे प्रतिपादन (अभ्यास), त्याने सांगितलेले नवे (अपूर्वता), त्याचा परिणाम (फल), अनुषंगाने आलेली स्तुती वा निंदा (अर्थवाद) आणि युक्तिवाद (उपपत्ती) यांवरून तात्पर्य ठरवावे, असे ते सांगतात. १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘गीतारहस्या’त लोकमान्य टिळकांनी याच कसोट्या गीतेला लावल्या: युद्ध नाकारणाऱ्या अर्जुनापासून सुरू झालेला ग्रंथ तो युद्धास सिद्ध झाल्यावर संपतो, तेव्हा त्याचे तात्पर्य कर्मत्यागात कसे असेल, हा त्यांचा प्रश्न होता.

या कसोट्या केवळ धर्मग्रंथांपुरत्या नाहीत. ठाण्यातील घोडबंदर रस्त्यावरील गृहसंकुलाची जाहिरात येऊरच्या डोंगरावरील हिरवाईने सुरू होते आणि नोंदणीसाठीच्या दूरध्वनी क्रमांकावर संपते. ‘स्टेशनपासून काही मिनिटांवर’ हे वाक्य त्यात पुनःपुन्हा येते, पण ती मिनिटे कोणत्या वेळेची व कोणत्या वाहनाची हे कोठेही येत नाही, आणि महारेरा क्रमांक तळाशी बारीक अक्षरांत असतो. येथे डोंगर हा निव्वळ अर्थवाद आहे, फल आहे ते नोंदणी. याउलट पाणीपुरवठा बंद राहण्याच्या महापालिकेच्या सूचनेत वार, वेळ आणि विभागांची नावे एवढेच असते व शेवटी पाणी जपून वापरण्याची विनंती येते. अर्थवादाला तेथे जागाच नसते, म्हणून ती सूचना एका वाचनात कळते.

ठाण्याचे वि. ल. भावे (१८७१–१९२६) यांचा ‘महाराष्ट्र सारस्वत’ हा ग्रंथ मात्र अधिक सावधपणे वाचावा लागतो. तो वरकरणी जुन्या मराठी वाङ्मयाचा इतिहास आहे. परंतु १८९३ साली ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय उभारण्यात पुढाकार घेणाऱ्या, जुने काव्य छापून काढण्यासाठी ‘महाराष्ट्र कवि’ हे मासिक चालविणाऱ्या आणि महानुभाव पंथीयांच्या सांकेतिक लिपीतील ग्रंथांचाही मागोवा घेणाऱ्या भाव्यांनी तो आवृत्तीगणिक वाढवीत नेला. निवाडा करण्यापेक्षा विखुरलेले धन एका ठिकाणी आणून मराठी वाचकापुढे ठेवणे हाच त्यामागचा प्रबळ हेतू दिसतो, आणि म्हणूनच त्यातील कवींविषयीची उत्कट स्तुती हा इतिहासकाराचा दोष न मानता त्या हेतूचा भाग म्हणून वाचणे न्याय्य ठरते. लेखकाचे चरित्र येथे साह्य करते, पण त्याचे स्थान दुय्यमच; पहिली साक्ष ग्रंथाची.

लिहिणाऱ्यालाही हीच शिस्त लागते. जुने शास्त्रकार ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, अधिकारी म्हणजे योग्य वाचक, आणि या सर्वांचा परस्परसंबंध अशी चार अंगे सांगून टाकीत. डोंबिवलीतील रहिवासी खड्ड्यांबाबत महापालिकेला अर्ज लिहितो तेव्हा दुरुस्ती हे प्रयोजन त्याने आधी निश्चित केले असेल तर रस्त्याचे नाव, प्रभाग आणि खड्ड्याची नेमकी जागा पहिल्याच ओळीत येते; संतापाचा परिच्छेद वृत्तपत्राच्या वाचकपत्रासाठी राखून ठेवता येतो, कारण तेथील अधिकारी अभियंता नसून त्याच रस्त्याने जाणारा दुसरा नागरिक असतो.