मानेचा हिसडा आणि भोवळ

रस्त्यावर एक मोटार उभी आहे. मागून दुसरी मोटार येऊन आदळते. आसनाबरोबर आतल्या माणसाचे धड पुढे ढकलले जाते; डोके मात्र क्षणभर मागेच राहते आणि मग पुढे फेकले जाते. चाबूक झटकावा तसा मानेला हिसडा बसतो. म्हणूनच इंग्रजीत या दुखापतीला चाबकावरून 'व्हिपलॅश' असे नाव पडले.

पुष्कळदा हाड मोडत नाही, रक्तही येत नाही. माणूस कपडे झटकून घरी जातो. एकदोन दिवसांत मान आखडते आणि काहींना भोवळ येऊ लागते. कूस बदलली की खोली फिरते. घरची माणसं म्हणतात, "धसका घेतलाय त्यानं." पण हा नुसता धसका नव्हे.

आता बघा, आपला तोल तीन साक्षीदारांवर चालतो. पहिला साक्षीदार म्हणजे डोळे. दुसरा, मानेचे व अंगाचे स्नायू आणि सांधे. तिसरा कानाच्या अगदी आत बसलेला आहे. तिथे द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असून डोके कुठे वळले ते त्या मेंदूला कळवतात. या यंत्रणेच्या अभ्यासाबद्दल रॉबर्ट बारानी यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिसड्याने एका साक्षीदाराची जबानी बिघडली, की तिघांचा मेळ बसत नाही. मेंदू गोंधळतो, आणि त्यालाच आपण चक्कर म्हणतो.

कधी कधी आतल्या कानातले चुन्याचे सूक्ष्म कण जागा सोडून नळीत शिरतात. मग कूस बदलताना किंवा वर पाहताना जोराची भोवळ येते, ती बहुधा मिनिटभरात थांबते. डोके ठरावीक क्रमाने वळवून हे कण परत जागी नेता येतात. अमेरिकेतील डॉक्टर जॉन एपली यांनी ही रीत १९९२ साली प्रसिद्ध केली. मात्र दुखऱ्या मानेवर ती घरी करू नये. आधी मान तपासून घ्यावी.

कण जागचे हलले नसतील तर काय? १९४० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथॉर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी व्यायाम बसवले. आधी बिछान्यात नुसते डोळे वरखाली, डावीउजवीकडे फिरवायचे. मग मान, प्रथम सावकाश, नंतर भरभर. पुढे बसून खाली वाकायचे, उभे राहून चेंडू झेलायचा, शेवटी चढउतारावर चालायचे. थोडी भोवळ येते, पण त्या सरावातूनच मेंदू नवी जुळणी शिकतो. शिक्षकबंधूंना हे वेगळे सांगायला नको: पाढा चुकतो म्हणून म्हणायचा थांबवला, तर तो कधीच पाठ होत नाही! महिनोन्‌महिने पडून राहणे, मानेला पट्टा बांधून ठेवणे, किंवा चक्कर दाबणाऱ्या गोळ्या घेत राहणे, यांनी हे शिकणे लांबते.

आता मान मोडण्याविषयी. आपल्याकडे केस कापून झाल्यावर न्हावी कडकन मान मोडतो. अमेरिकेत १८९५ साली डी. डी. पामर यांनी मणक्यांवर हाताने दाब देण्याचा 'कायरोप्रॅक्टिक' हा उपचार सुरू केला. मानेमुळे चक्कर येत असेल, तर जाणकाराने हलक्या हाताने सांधे मोकळे केल्याने काहींना आराम पडतो. पण जोराचा झटका ही निराळी गोष्ट. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांतल्या छिद्रांतून वर जातात. झटक्याने धमनीचे अस्तर फाटणे विरळा, पण तसे झाले तर पक्षाघात होऊ शकतो. म्हणून अपघातानंतर मान कोणाकडूनही मोडून घेऊ नका.

अपघातानंतर एकाचे दोन दिसणे, जीभ जड होणे, घास न उतरणे, हातपाय लुळे पडणे, किंवा मान वा डोके असह्य दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर घरी थांबू नका. आपल्या राज्यात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. बाकीच्यांनी डॉक्टरांना दाखवून फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम शिकून घ्यावेत. सुरुवातीला शेजारी कोणी असू द्यावे. विहिरीचा काठ, शिडी आणि दुचाकी काही दिवस वर्ज्य. आणि घरच्यांनी 'धसका' हा शब्द सोडून हाताला धरून दोन पावले चालवावे. त्याची गरज अधिक आहे.