तारेच्या आतली भाजी

आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरातला मुक्काम आटोपून तुकोबांची पालखी पुण्याकडे निघाली, की आमच्या चाळीतल्या बायकांचं लक्ष मागच्या माळाकडे लागायचं. ज्येष्ठ सरत आलेला असे, एक-दोन सरी पडून गेलेल्या असत. आठ-पंधरा दिवसांत टाकळा बोट-दोन बोटं वर यायचा. गोष्ट 1978-79 सालची. वडील भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते आणि पगाराच्या आधीचा आठवडा आमच्या घरात नेहमीच ओढीचा असायचा. त्या आठवड्यात माळ आम्हाला जेवू घालायचा.

हा माळ मोकळा कसा राहिला, हे मोठेपणी कळलं. पिंपरीत 1954 साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, 1962 मध्ये एमआयडीसी आली, 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण. जमिनी संपादित झाल्या, पण सगळीकडे लगेच काही उभं राहिलं नाही. तारेचं कुंपण पडलं, नांगर थांबला आणि कितीतरी तुकडे वर्षानुवर्षं तसेच पडून राहिले. पडीक रान म्हणजे रानभाजीचं माहेर. ज्या शेतकऱ्यांच्या बायकांनी याच बांधांवर पिढ्यान्‌पिढ्या भाजी खुडली, त्यांचं शेत गेलं म्हणून ती आमच्या ताटात आली. ही गोष्ट मला आजही टोचते.

तारेखालून वाकून आम्ही पोरी आत शिरायचो. आम्ही रत्नागिरीकडचे, आई त्या भाजीला टायकळा म्हणायची. चाळीतल्या जुन्नरच्या आजी टाकळा म्हणत आणि यवतमाळच्या काकू तरोटा. आमची कंटोळी ती आजींची करटुली आणि काकूंची कटवलं. कामासाठी सगळा महाराष्ट्र इथे गोळा झाला होता, आणि ओळख निघायला पुष्कळदा भाजीचं नाव पुरत असे. कुर्डू खायचा की गुरांना घालायचा, यावरून तर नळावर वाद होत. आईने एकदा तो कांदा घालून परतला, वाटीभर सगळ्यांकडे पाठवला आणि वाद मिटला.

खुडण्याची शिस्त मात्र आजींची. "पोरी, शेंडा तेवढाच घे. मुळासकट उपटलास तर पुढल्या खेपेला काय खाशील?" टाकळ्याचं कोवळं पान हाताला मऊ लागतं, चुरगळलं की उग्र वास येतो, आणि संध्याकाळ झाली की पानं जोडीजोडीने मिटतात. म्हणून जायचं ते सकाळीच. पिवळं फूल दिसलं की भाजी जून झाली. खुडलेले शेंडे निवडून बारीक चिरायचे, भिजवलेली मुगाची डाळ, भरपूर लसूण, हिरवी मिरची. गरम भाकरीबरोबर ती भाजी खाल्लेला माणूस ती चव विसरत नाही.

भाज्यांचं हे पंचांग आमच्या सणांशी जोडलेलं होतं. आषाढी एकादशीचा उपास सोडायला द्वादशीला वाघाटी लागायची. वाघनखांसारख्या वाकड्या काट्यांच्या वेलीवर ती फळं येतात, काढताना हात ओरबाडून निघत. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचं काही खायचं नसतं, तेव्हा तर माळच आमचा मळा. गौरींसाठी केना आणि आघाडाही तिथूनच यायचा.

1982 साली महानगरपालिका झाली, 1997 मध्ये आणखी गावं आत आली आणि तारेच्या आत बांधकामं सुरू झाली. जिथे बांधलं नाही, तिथे राडारोडा पडला आणि त्यावर गाजर गवत माजलं. भारतात हे तण ठळकपणे ध्यानात आलं ते पुण्यातच, 1950 च्या दशकात. टाकळा दाट उगवला तर त्याला दाबून धरतो, पण जेसीबीने पुन्हा पुन्हा उकरलेल्या मातीत टाकळ्याला दाट व्हायला उसंतच मिळत नाही.

माझ्या लेखी खरा तुटवडा झाडांचा नाही. एका पावसाळ्यात आईने नाल्याकाठचा काटेमाठ आणला. तजेलदार, रुंद पानांचा. तिने तीन पाण्यांनी धुतला तरी पाण्यावर तेलाचा तवंग येत राहिला आणि कढईत टाकल्यावर घरभर ग्रीसचा वास सुटला. वरच्या अंगाला एक कारखाना होता. आईने कढई तशीच नेऊन उकिरड्यावर पालथी केली, आणि त्या काठाला ती पुन्हा गेली नाही. मातीत शिसं किंवा कॅडमियम असेल तर पालेभाज्या ते ओढून पानांत साठवतात, आणि ते धुऊन किंवा शिजवून जात नाही, हे पुढे मी वाचलं. आईला ते नाकाने कळलं होतं. माठ, घोळ, टाकळा आजही शहरात ठिकठिकाणी उगवतात. खुडावा असा विश्वास ज्या मातीवर ठेवता येईल, ती माती गेली.

चाकणकडे हेच उशिरा आणि फार वेगाने घडलं. महाळुंगे, निघोजे, खराबवाडी ही कांदा-बटाट्याची गावं. 2009 च्या आसपास तिथे मोटारींचे मोठे कारखाने उभे राहिले. आता चाकणच्या बाजारात खेडच्या पश्चिम पट्ट्यातल्या बाया करटुली आणि भारंगी घेऊन बसतात, आणि करटुलीचा भाव नेहमीच्या भाज्यांच्या वर असतो. करटुलीचे नर वेल वेगळे, मादी वेल वेगळे. जाळीत कंद ओळखून ठेवणारं माणूस लागतं, त्याचे पैसे द्यायलाच हवेत. कृषी विभाग ऑगस्टमध्ये रानभाजी महोत्सव भरवतो, मी जाते, पिशवी भरून आणते. पूर्वी बायका विचारायच्या, "कशी करायची?" आता मी पहिलं विचारते, "कुठली आहे?"

गेल्या जुलैमध्ये मोशीजवळ रस्त्याच्या दुभाजकावर एक मुलगी ओणवी होऊन काहीतरी खुडताना दिसली. कंपनीचा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, ओढणीत टाकळा. गाड्यांचा धूर अखंड तिच्या अंगावर. मी थांबले.

"कशाला घेतेस गं इथला?"

"तरोटा आहे मावशी," ती म्हणाली, "आमच्या गोंदियाकडे खातात."

काकूंचा शब्द मी चाळीस वर्षांनी ऐकत होते. मी तिला त्या जागेचं काय ते सांगितलं. तिने ओढणी झटकली, पण चेहरा पडला. रविवारी तिला सुट्टी होती. लोकलने आम्ही बेगडेवाडीला उतरलो आणि घोराडेश्वराच्या टेकडीवर रस्त्यापासून बऱ्याच वर गेलो. टाकळा होता, कोवळा. ती मुठीने उपटायला लागली, तशी मी तिचा हात धरला आणि शेंडा कुठे खुडायचा ते दाखवलं.