‘एक, अनेक और एकता’ बनवणाऱ्या विजयाबाई

जाळ्यात अडकलेले पक्षी एकदम पंख मारतात आणि पारध्याचं जाळंच उचलून नेतात. ‘एक, अनेक और एकता’ हा १९७४ सालचा कार्टूनपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला आहे. त्याला उत्कृष्ट शैक्षणिक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. पण तो बनवणाऱ्या विजया मुळे मराठी होत्या, हे आमच्या वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

विजयाबाईंचा जन्म १९२१ मध्ये मुंबईचा. पुढे त्या पाटण्यात राहिल्या. शिष्यवृत्ती मिळवून इंग्लंडमधील लीड्स विद्यापीठात शिक्षणशास्त्र शिकल्या. तिथेच त्यांना फिल्म सोसायटीची ओळख झाली. परतल्यावर त्यांनी केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी धरली.

सेन्सॉर बोर्डाच्या कामासाठी त्यांची कोलकात्याला बदली झाली. माझे बाबा सध्या डमडमला पोस्टिंगवर आहेत, म्हणून हा भाग मला जास्त जवळचा वाटतो. डमडमहून मेट्रोने दक्षिणेश्वरला गेलं की समोर हुगळी नदी. समुद्राची भरती नदीच्या रुंद मुखातून आत शिरते. पुढे पात्र अरुंद आणि उथळ होत जातं. पाण्याला पसरायला जागा उरत नाही, म्हणून ते लाट होऊन प्रवाहाच्या उलट धावतं. बंगालीत याला ‘बान’ म्हणतात. काठावर होड्या आपटून फुटू नयेत म्हणून नावाडी त्या आधीच खोल पाण्यात नेतात. याच लाटेवर विजयाबाईंनी आपला पहिला माहितीपट केला, ‘द टायडल बोअर’. त्याच्या निवेदनाला आवाज सत्यजित राय यांनी दिला.

१९७५ मध्ये ‘साइट’ प्रयोग सुरू झाला. उपग्रहाद्वारे सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचला. त्यासाठी मुलांचे शैक्षणिक कार्यक्रम तयार करण्यात विजयाबाईंचा मोठा वाटा होता. २०१९ मध्ये, वयाच्या ९८ व्या वर्षी त्यांचं निधन झालं.

मी बारावीत एनडीएचा अर्ज भरायचा, हे घरी ठरलेलं आहे आणि मलाही ते मान्य आहे. पण मला माहितीपटही करायचे आहेत. आई म्हणते, एक काहीतरी धर. विजयाबाईंनी पहिला माहितीपट केला तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती आणि त्या सरकारी नोकरीत होत्या. पुढच्या सुट्टीत आईला मी एवढंच सांगणार आहे.